उडीच्या दोरीची खटखट

मी एक जुनी उडीची दोरी आहे, आणि खोटं बोलायचं मला काही कारण नाही. सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या चौकात बंद पडलेला, साड्यांच्या गाठोड्यांनी भरलेला टेम्पो मी एकटीनं ओढून काढला होता. टेम्पो सुरू झाला, तरी मी सोडला नाही. शेवटी ड्रायव्हरनं हात जोडले. पटत नसेल तर राहू द्या. पण मित्रांनो, पुढची गोष्ट अगदी खरी आहे.

माझा जन्म सुरतेचा, एकोणीसशे नव्वदनंतरच्या वर्षांतला. उखामामानं मागावरच्या तुटक्या धाग्यांची वेणी घालून मला वळलं आणि दोन टोकांना धागा संपलेल्या लाकडी कांड्यांच्या मुठी बसवल्या. मग शहरातल्याच नवागाम वस्तीत येऊन त्यानं मला भाचीच्या, म्हणजे कुसुमच्या हातात दिलं.

कुसुम दहावीला होती. पहाटे पाणी भरायचं, मग आईबरोबर साड्यांना टिकल्या लावायच्या, दुपारी शाळा. सकाळी अभ्यासाला मिळे तो थोडा वेळ ती भूमितीवर डोकं टेकून झोपून काढी. आई इंदुबाईनं बजावून ठेवलं होतं की नापास झालीस तर शाळा बंद, मग दिवसभर टिकल्याच. उखामामा म्हणाला होता, आधी उड्या मार, मग पुस्तक उघड.

सुरुवातीला तिच्या पोटऱ्या अशा दुखल्या की ती बदकासारखी चालायची. पण हळूहळू अंग हलकं झालं. उड्या मारून, तोंड धुऊन बसली की जांभई येईना. वाकून टिकल्या लावताना पाठीत उठणारी कळ गेली. अडलेलं गणित दुसऱ्या खेपेला सुटू लागलं. भूक इतकी वाढली की इंदुबाईला पीठ जास्त मळावं लागे.

पण इंदुबाईला वेगळीच काळजी होती. कुसुमचे वडील मारुतीराव मागाच्या कारखान्यात रातपाळी करून सकाळी घरी येऊन झोपत. घर एका खोलीचं, आणि मी दाराबाहेरच्या फरशीवर खटखट आपटायची. झोप मोडली आणि मागावर डुलकी लागली, तर हात जायचा. त्यात परीक्षा जवळ आली.

"आते नाचानं बंद," ती कुसुमला आपल्या खानदेशी अहिराणीत म्हणाली आणि मला दोन खिळ्यांना बांधून माझ्यावर ओले कपडे वाळत घातले. टेम्पो ओढणारी मी, आणि माझ्यावर परकर!

दाराबाहेर शांतता झाली. कुसुम पुन्हा पुस्तकावर डुलू लागली. आणि नवल म्हणजे, इतके दिवस गाढ झोपणारे मारुतीराव भर सकाळी उठून बसू लागले. लाल डोळ्यांनी कामावर जात. इंदुबाईनं आधी शेजाऱ्यांच्या रेडिओवर राग काढला, मग कोंबड्यांवर.

एके दिवशी ते दचकून उठले आणि हवेतच तुटलेला धागा शोधू लागले.

"माग कसा बंद पडना?"

"घरमा शेतस तुम्ही," इंदुबाई म्हणाली. "आठे कोठला माग?"

"मंग रोज खटखट चालू राहस, ती कसानी?"

इंदुबाई माझ्याकडे बघतच राहिली. मागाच्या आवाजात आयुष्य काढलेला माणूस तो. माग चालू असला की निवांत, थांबला की जागा. माझी खटखट त्याला मागच वाटत होती! इंदुबाईनं परकर ओढून काढले आणि मला कुसुमच्या हातात कोंबलं.

"जाय माय," ती म्हणाली, "बापले झोपाड."

त्या दिवसापासून परीक्षेच्या सकाळपर्यंत कुसुम रोज उडाली. बाप घोरायचा, मुलगी जागी राहायची. दोन्ही कामं एकटी मी करायची, पण कौतुक झालं ते मारुतीरावांच्या घोरण्याचं. कुसुम पास झाली, भूमितीत तर चांगलीच. पुढची शाळा ठरली, तशी इंदुबाईनं तिच्या वाटणीच्या टिकल्या निमूटपणे आपल्याकडे ओढून घेतल्या.

मित्रांनो, अभ्यास वाढला की तुम्ही सगळ्यात आधी व्यायामाचाच वेळ कापता. तसं करू नका. रोज थोडं उडा, धावा, घाम येऊ द्या. तो वेळ पुस्तकासमोर बसल्यावर परत मिळतो. मला ओलीत टाकू नका, सैल मुठी आवळून घ्या. आणि पाय अडकला तर दोरीला दोष देऊ नका. दोरी आपली जिथून जायची तिथूनच जाते. उडायचं तुम्हाला असतं.