सेवेराचे डोळे

हळू, हळू! कोपऱ्याला धरू नका, तुकडा हातात येईल. तुमच्या त्या गुळगुळीत कागदाच्या जातीतला मी नाही. मनिलात छापलेला चित्रकथांचा एक साधा साप्ताहिक अंक मी. कागद रद्दीपेक्षा जेमतेम बरा, शाई बोटांना लागणारी, आणि आयुष्य फार तर आठवड्याभराचं. पुढचा अंक आला की माझ्यात सुकी मासळी बांधायची, असा माझ्याबद्दलचा बेत होता. आता मला छापणारं यंत्रसुद्धा भंगारात गेलं, आणि मी मात्र अजून आहे. का आहे ते सांगतो. बसा निवांत.

छापखान्यातून निघालो तो गठ्ठ्यात बांधून मनिलाशेजारच्या मलाबोनला आलो, आलिंग ओसांगच्या दुकानात. आलिंग म्हणजे आमच्याकडं ‘बाई’; ही ओसांग आमची मालकीण. साबण, आंबट शिर्का, सुटी सिगारेट आणि आम्ही, एवढाच तिचा माल. दाराशी तार बांधलेली, तिच्यावर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी आम्ही टांगलेले. विकत कोण घेणार आम्हाला? भाड्यानं घ्यायचं, समोरच्या बाकड्यावर बसून वाचायचं, आणि परत तारेवर लावायचं. घरी न्यायचं नाव काढलं की ओसांगच्या कपाळाला आठ्या.

"बोट चाटून पान उलटू नकोस गं!" ती ओरडायची. "कागद आहे तो, आमटीचा चमचा नाही!"

माझ्यात चार-पाच मालिका होत्या, पण लोक यायचे ते एकाच गोष्टीसाठी. मिठागरात राबणारी बेनिता नावाची पोरकी मुलगी, आणि तिला छळणारी तिची मावशी, दोन्या सेवेरा. मोठी मालकीणबाई, हातात पंखा, एक भुवई कायम वर चढलेली. माझ्या वाट्याला नेमका तो भाग आला होता, ज्यात सेवेरा बेनिताला खड्यामिठावर गुडघे टेकून बसवते, आणि तिच्या डोळ्यांदेखत तिच्या मेलेल्या आईची जाळीची ओढणी चुलीत घालते. आईची तेवढी एकच खूण उरलेली हो पोरीकडे! माझ्या पानांवर किती जणांची आसवं पडली म्हणून सांगू? मी कधी धड वाळलोच नाही.

तर अशाच एका दुपारी आलिंग तेकला बाकड्यावर येऊन बसली. येशूच्या देवळासमोर वर-खाली निखारे ठेवून बिबिंका, म्हणजे तांदळाचा गोड केक, भाजणारी, हाताला कायम नारळाच्या दुधाचा वास असलेली. सकाळचा माल संपला की ती माझ्याकडे यायची. ओठ हलवत, एकेक अक्षर जिभेवर घेत वाचायची. ओढणीच्या चित्रापाशी पोचली आणि तिचे ओठ थांबले. मग तिनं अंबाड्यातला आकडा उपसला आणि सेवेराच्या दोन्ही डोळ्यांत खुपसला. खच्च, खच्च! दुखलं मलाच की!

"अगं तेकला!" ओसांग आतून धावत आली. "भाड्याचा अंक आहे तो! अक्कल गहाण टाकलीस काय?"

"डोळे कशाला हवेत तिला?" तेकला म्हणाली. "एवढी पोर रडतेय समोर, ते दिसतंय का मेलीला?"

ओसांगला वाटलं, आता हा अंक फुकट गेला. कसचं काय! डोळे फोडलेली सेवेरा बघायला पलीकडच्या वस्तीतून लोक यायला लागले. भोकांतून बोट घालून बघायचे आणि म्हणायचे, छान झालं.

गोष्ट माझ्यानंतरच्या अंकांत चालूच होती, शेवट कुणालाच ठाऊक नव्हता, आणि तेवढ्यात एका स्टुडिओनं तिच्यावर चित्रपट काढायलाही घेतला. आमच्याकडे हे असंच चालायचं. अर्धी गोष्ट वाचकांच्या हातात आणि अर्धी कॅमेऱ्यापुढे. आमची चित्रं समोर धरूनच ते लोक कुणाला कुठं उभं करायचं ते ठरवत. सेवेराच्या भूमिकेसाठी दोन-तीन नावाजलेल्या बायकांना विचारलं, तर सगळ्यांनी कानांवर हात ठेवले. असली बाई पडद्यावर केली की लोक रस्त्यात धरून मारतात, हे त्या जाणून होत्या.

मग ती भूमिका मिळाली फेलीला. फेली म्हणजे तेकलाची एकुलती एक मुलगी. स्टुडिओत गर्दीत उभी राहायची, कधी लग्नातली पाहुणी, कधी मयतातली. कुणी तिच्याकडे बघतही नव्हतं. पण एका मदतनिसानं तिला चहावाल्याशी भांडताना बघितलं, आणि त्या भांडणात तिची एक भुवई वर गेली. झालं.

पुढचं मला फेलीनंच सांगितलं, कारण त्या संध्याकाळी ती मला ओसांगकडून मागून घरी घेऊन गेली. अभ्यासाला म्हणे!

"नानाय, मला भूमिका मिळाली," तिनं आईला सांगितलं होतं. "बोलायची. मोठी आहे."

तेकलानं हातातला पंखाच टाकला. "बेनिता? माझी पोर बेनिता होणार?"

"नाही गं... सेवेरा."

चुलीवरची बिबिंका करपली, पण तेकला जागची हलली नाही. "एवढ्या मोठ्या गोष्टीत तुला तीच सापडली का?" एवढंच म्हणाली, आणि त्या रात्री जेवली नाही.

फेली मला आरशाच्या कडेला खोचून उभी राहायची. मान कशी, पंखा कसा, ओठ कुठून मुडपायचे, सगळं तिनं माझ्याकडून घेतलं. पण डोळ्यांपाशी अडायची. तिथं होती दोन भोकं. तिच्याच आईनं पाडलेली. काय शिकवणार मी? शेवटी तिनं माझ्याकडे बघणं सोडलं, आरशाच्या अगदी जवळ गेली, आणि कुठून कोण जाणे, एक नजर काढली. अहो, मी कागदाचा, तरी माझ्या घड्या आक्रसल्या.

चित्रपट आधी मनिलात लागला. आमच्या मलाबोनला यायला वेळ होता, पण बघून आलेले लोक परत यायला कितीसा वेळ? फेली मासळीबाजारात गेली, तर आलिंग तोया नावाच्या कोळणीनं मासे धुतलेलं पाणी सरळ तिच्या अंगावर ओतलं. "जा, मिठावर बस आता!" म्हणाली. आजूबाजूच्या बायका हसल्या. देवळासमोर तेकलाच्या चुलीपाशी गर्दी व्हायची ती थांबली. नेहमीच्या बायका मान वळवून पुढं जाऊ लागल्या.

फेली ओल्या कपड्यांनी घरी आली ती हसत. "नानाय, तोयानं ओळखलं मला!"

"हसतेस काय निर्लज्जासारखी?" तेकलाचा आवाज फाटला. "मी काय अशासाठी वाढवलं तुला? लोकांनी थुंकावं म्हणून? बस झालं. या बाळ येशूच्या मूर्तीवर हात ठेव आणि शपथ घे, पुन्हा त्या स्टुडिओचं तोंड बघणार नाहीस."

फेलीचं हसू मावळलं. त्याच आठवड्यात तिला पुढच्या चित्रपटासाठी बोलावणं आलं होतं. पुन्हा खलनायिकाच. तिनं आईला ते सांगितलंही नव्हतं. आयुष्यभर गर्दीत उभी राहिलेली पोर, पहिल्यांदा कुणीतरी तिला नावानं हाक मारली होती, आणि आता तेच तोडून टाकायचं. मी आरशाच्या कडेवरून बघत होतो. तिचं नाक लाल झालं होतं.

"घेईन शपथ," ती शेवटी म्हणाली. "पण आधी एकदा माझ्याबरोबर येऊन बघ. फक्त एकदा. मग तू म्हणशील ते. शब्द देते."

"मला नाही तुला तसं बघायचं."

"मग डोळे झाकून बस. पण चल."

रविवारी दुपारच्या खेळाला दोघी निघाल्या. कुणी ओळखू नये म्हणून फेलीनं देवळातली ओढणी पार नाकापर्यंत ओढून घेतली होती. आणि तेकलानं जाता जाता मला उचललं. वारा घ्यायला, असं म्हणाली. खरं कारण मला थेटरात कळलं. दिवे गेले, आणि तिनं मला चेहऱ्यासमोर धरलं. मुलगी पडद्यावर आली की दिसू नये म्हणून!

आमचं थेटर म्हणजे काय सांगू? पत्र्याचं छप्पर, आत भट्टी. कलिंगडाच्या बिया फोडल्याचा कडकड आवाज आणि लाकडी खडावांची खटखट. पडद्यावर सेवेरा आली तशी सगळीकडून शिट्ट्या आणि शिव्या. तेकलाचा गरम श्वास माझ्या पानांवर आदळत होता. पुटपुटत होती, "देवा, माझं लेकरू ते, माझं लेकरू."

पण उकाडा काही सोडेना. थोड्या वेळानं तिनं वारा घ्यायला मला खाली केलं, आणि वर उचललं. मग खाली केलं आणि खालीच ठेवलं. गोष्टच तशी होती हो. बेनिता रडत होती. तेकलाचं नाक वाहायला लागलं, तिनं ते बाहीला पुसलं. शेजारी कोण बसलंय, कशासाठी आलोय, सगळं विसरली. बाकड्यावर बसून वाचायची तशी ओठ हलवत बसली.

आणि मग माझ्याच पानावरचा प्रसंग आला. मीठ पसरलं. बेनिता गुडघ्यांवर. सेवेरानं ओढणी उचलली, चुलीकडं एक पाऊल टाकलं, आणि मान वळवून पोरीकडं बघितलं. तीच ती नजर. ती एक भुवई हळूहळू वर गेली.

तेकला ताडकन उठली.

"ए मेले!" सगळ्या थेटरात घुमेल अशी ओरडली. "ठेव ते खाली! तिच्या आईचं आहे ते! तुला आईबाप आहेत की नाहीत?"

आणि तिनं मला फेकलं. मी सुरळी होऊन उडालो, लोकांच्या डोक्यांवरून गेलो आणि बरोब्बर सेवेराच्या तोंडावर आपटलो. वरचं पान टराटरा फाटलं. पडद्याखाली जाऊन पडलो, तर मागोमाग बिया, खडावा, कुणाची तरी टोपी! लोक टाळ्या पिटत होते. "शाब्बास आजी! आणखी एक!"

तिथून मला दोघी दिसत होत्या. तेकला अजून उभीच, धापा टाकत. मग हळूच तिनं शेजारी बघितलं. फेलीची ओढणी खांद्यावर घसरली होती. ती रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम.

"फेली..." तेकला मटकन खाली बसली. "अगं, मी तुला मारलं?"

फेलीनं रडत-हसतच होकाराची मान डोलावली.

"पण तिथं तू कुठं होतीस?" तेकला तिचा चेहरा हातांनी चाचपत म्हणाली. "मला तू दिसलीच नाहीस गं. ती मेली सेवेराच होती."

खेळ संपल्यावर सगळे बाहेर पडत होते तेव्हा तेकला उलटी पडद्याकडं आली, कमरेवर हात ठेवून वाकली आणि मला बियांच्या कचऱ्यातून शोधून काढलं. फुंकर मारली. काखेत धरलं. आणि दोघी घराकडं निघाल्या.

वाटेत तेकला म्हणाली, "ती भुवई कुठून आणलीस?"

"घरातूनच," फेली म्हणाली.

तेकलाची एक भुवई वर गेली. आणि मग दोघी भर रस्त्यात अशा हसल्या, की टांग्याचा घोडा बिचकला.

"पुन्हा बोलावलंय का त्यांनी?"

"हो. पण या वेळची बाई सेवेरापेक्षाही वाईट आहे, नानाय."

"मग नीट कर," तेकला म्हणाली. शपथेचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन मुद्दाम मासळीबाजारात गेली. आलिंग तोयानं यांना बघून तोंड फिरवलं. तशी तेकला तिच्या टोपलीसमोर उभी राहिली.

"नुसतं तोंड काय वाकडं करतेस? मी तर फेकून मारलं! आणि मी आई आहे तिची!"

तोया आ वासून बघत राहिली. मग खो खो हसली, आणि सगळ्यात मोठा मासा काढून तिनं फेलीच्या पिशवीत टाकला. संध्याकाळपर्यंत बिबिंकेच्या चुलीपाशी पुन्हा गर्दी होती. सेवेराच्या आईच्या हातची हवी म्हणे सगळ्यांना.

ओसांगनं मला परत मागितलं नाही. तारेवरचे माझे भाईबंद केव्हाच मासळीत गेले. तेकलाही गेली. आणि तो चित्रपटही गेला. आमची ही दमट हवा, रिळं डब्यातल्या डब्यात आंबली, शिर्क्यासारखा वास मारू लागली, शेवटी फेकून दिली. ती नजर आता कुठंच बघायला मिळणार नाही. मनातून वाईट वाटतं मला. पुष्कळ चित्रपटांची हीच गत झाली, म्हणून सांगतो, तुमच्याकडं एखादा डबा पडला असेल तर वास येण्याआधी उघडून बघा.

आता मी फेलीच्या कपाटात असतो. ती म्हातारी झालीय. कपाटाच्या वरच्या फळीवर तिची बक्षिसं आहेत, पितळी, सोनेरी, एक काचेचं. परवा तिची नात आली, निळे हातमोजे घालून, जुने कागद सांभाळायचं शिक्षण घेतलेली. भली मुलगी आहे. हळुवारपणे मला उलगडलं आणि आजीला म्हणाली, "लोला, हे फाटलेलं पान मी इतकं छान जोडून देते की कळणारही नाही. डोळ्यांची भोकंसुद्धा बुजवते."

"हात लावू नकोस!" फेली म्हणाली. भुवई वर! पोर दोन पावलं मागं सरली.

मग फेलीनं मला मांडीवर घेतलं, फाटक्या कडेवरून बोट फिरवलं, आणि नातीला जवळ बसवून हळूच म्हणाली, "वरची ती बक्षिसं लोकांनी हातात दिली गं. हे एकच फेकून मारलेलं आहे. माझ्या आईनं."