डब्यातला डबा

थोरली बहीण एका संस्थेत संगणक शिकवायची आणि धाकटी त्याच संस्थेचे सर्व्हर सांभाळायची. तिथे दोघींच्या खोल्यांमध्ये एक भिंत होती, आणि रविवारपासून अबोला. घरी जेवताना पाहुण्यांदेखत थोरली बोलून गेली होती, "हिचं काय, दिवसभर मशीनचे पंखे पुसते." धाकटी ताटावरून उठली ती बोलायचीच थांबली.

आज दुपारी नवा वर्ग सुरू व्हायचा होता. सर्व्हरवर थोरलीचं एक व्हर्च्युअल मशीन होतं, म्हणजे संगणकाच्या पोटातला संगणक. त्याच्याही पोटात आणखी एक चालवून दाखवायचा होता. पण हा डब्यातला डबा काही केल्या उघडेना. प्रोसेसर वापरायची परवानगी नाही, एवढंच पडद्यावर येई. संचालकांनी गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं, नाही जमलं तर वर्ग दुसऱ्याला देऊ. वर्षभर मागे लागून मिळवलेला वर्ग होता तो.

थोरलीने सगळी सेटिंग्ज पालथी घातली. आतलं मशीन पुसून नव्याने बसवलं. बाहेरचं मशीन रीस्टार्ट तर इतक्यांदा केलं की त्या बिचाऱ्याला घेरी यावी. ते पूर्ण बंद तेवढं केलं नाही. एकदा बंद केलं की ते सर्व्हरवरूनच चालू व्हायचं, आणि सर्व्हर धाकटीच्या ताब्यात. आतल्या मशीनची परवानगीही तिनेच द्यायची, हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. पण कळतं पण वळत नाही, अशातली गत.

वर्गाला अर्धा तास उरला, तेव्हा मात्र नाक दाबल्यावर तोंड उघडलं. शेवटचा उपाय म्हणून तिने ते मशीन बंद केलं आणि ती शेजारच्या खोलीत गेली.

"माझं मशीन चालू करून दे," ती दारातूनच म्हणाली. "आतल्या मशीनची परवानगी पण दे. आणि रविवारी मी तसं बोलायला नको होतं. चारचौघांत तर नाहीच नाही."

धाकटीने मान वर न करता मशीन चालू केलं आणि पडदा तिच्याकडे वळवला. थोरलीने वाकून आतलं मशीन सुरू केलं. ते सुरळीत उघडलं.

"एवढ्यात दिलीस परवानगी?"

"सोमवारीच दिली होती. तुझा वर्ग आहे, हे मला माहीत नाही का? मशीन पूर्ण बंद झाल्याशिवाय ती लागू होत नाही. रीस्टार्टने नाही होत."

"मग सांगायचंस ना."

"बोलत कुठे होतो आपण?"

थोरली तिथल्याच खुर्चीत बसली. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळेच भरून आले. धाकटीने तिला दंडाला धरून उठवलं.

"चल ताई, मुलं येऊन बसली असतील."