एकदाच घेतलेलं नाव

मी एक जुना मायक्रोफोन आहे, मित्रांनो. सध्या माझा मुक्काम कोकणातल्या बोर्ली पंचतनला, हरेश्वरभाऊंच्या माजघरातल्या फळीवर, हळदीचा डबा आणि पितळी समई यांच्या मधे. इथली हवा खारी. माझी जाळी गंजत चालली आहे आणि त्याची मला भीती वाटते. पण भीती मला नवी नाही. माझा सगळा जन्म भ्यालेल्या माणसांच्या तोंडासमोर गेला.

माझ्या पोटात धातूची एक पट्टी आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. कुणी बोललं की ती थरथरते, आणि ती थरथरली की बोलणं गावोगावच्या रेडिओपर्यंत पोचतं. थरथरणं हाच माझा धंदा. मी परदेशी कारखान्यात घडलो आणि देश स्वतंत्र झाला त्या वर्षी, भुशाने भरलेल्या पेटीत बसून, बोटीने मुंबईला उतरलो. रेडिओ केंद्रातल्या एका खोलीत माझी स्थापना झाली. खोलीला खिडकी नव्हती, फक्त शेजारच्या खोलीत पाहायला एक जाड काच होती. दारावर लाल दिवा होता. तो लागला की आतला शब्द त्याच क्षणी बाहेर जाणार, मग तो परत घेणं नाही. भल्याभल्यांच्या घशाला त्या दिव्यापुढे कोरड पडे.

हरेश्वरभाऊंच्याही पडली. बोर्लीच्या भातशेती करणाऱ्या घरातला हा तरुण मुलाखती घ्यायला आला, तेव्हा त्याचा आवाज गोड होता, पण माझ्या दांडीवर ठेवलेला हात घामाने ओला होता. केंद्राच्या साहेबांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं, "हरेश्वर, बोलताना चुकलात तर चालेल, पण गप्प बसू नका. रेडिओ गप्प झाला की लोकांना वाटतं, मेला." हे वाक्य भाऊंच्या काळजात जाऊन बसलं. भुताखेतांना न भिणारा हा माणूस तेव्हापासून शांततेला भिऊ लागला.

भीतीने माणूस पळतो, तसे भाऊ बोलत सुटले. 'ओसरीवरच्या गप्पा' हा त्यांचा कार्यक्रम आठवड्यातून एकदा, दिवेलागणीला लागे. कधी होडी हाकणारा तांडेल येई, कधी सुईण, कधी ताडी काढणारा. भाऊ सगळ्यांना बोलतं करत. त्यांची एक युक्ती होती. पाहुण्याला आधी काही म्हणजे काही विचारायचं नाही. "आत्ताच सांगितलंत तर तिथे शिळं होईल, आत बोला," असं म्हणून ते त्याला थेट माझ्यापुढे बसवत. ही युक्ती लोकांना फार आवडली. तळा गावच्या बाजारात, किनाऱ्यावरच्या चावड्यांत, कार्यक्रमाच्या वेळी माणसं रेडिओभोवती दाटीवाटीने बसत. पत्रांच्या पिशव्या येत. केंद्रातले शिपाई कोंडाजी मला रोज मऊ फडक्याने पुसत. मी मनातून फुशारलो होतो, हे कबूल करतो.

मग एका कार्तिकात अवेळी वादळ झालं. ते निवळल्यावर कार्यक्रमाच्या दिवशी मांडव्याच्या बाजूच्या कोळीवाड्यातून रतन नावाची एक बाई एकटीच लाँचने मुंबईला आली. तिच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. नवरा वादळाआधी होडी घेऊन गेला, तो परतला नव्हता. वाड्यातले पुरुष त्याला शोधायला दर्यावर गेलेले, सासू किनारा सोडायला तयार नाही, म्हणून रतन निघाली. रेडिओवर सांगितलं तर कुणीतरी ऐकेल, एवढंच तिला माहीत होतं.

भाऊंनी त्या दिवशीच्या पाहुण्याला परत पाठवलं. दारातच ती रडत सांगू लागली, तर सवयीने म्हणाले, "इथे नको, ताई. आत बोला." आणि तिला माझ्यापुढे बसवलं. लाल दिवा लागला.

"आमचं मालक दर्यावर गेलंय," रतन म्हणाली. "होडीचं फळकुट तेवढं मिळालं. मालक कुठं लागलं आसंल तर कुनीतरी सांगा हो."

"त्यांना ओळखायचं कसं, ताई?"

"हातावर त्यांचंच नाव गोंदलंय."

"कोणतं नाव?"

रतन गप्प झाली.

भाऊंना वाटलं, हुंदका आला असेल. त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पदर तोंडात धरला आणि मान हलवली. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. ती नवऱ्याचं नाव घेणार नव्हती. बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. आणि आज, नेमकं आज, तिने ते घ्यायचं? ते नाव केंद्रात दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं. आधी विचारलं असतं तर ही अडचण तेव्हाच कळली असती, तिच्या नात्यातलं कुणीतरी मुंबईत शोधून नाव विचारता आलं असतं. आता पुढची संधी आठवड्याने.

काचेपलीकडे साहेब हात हलवत होते, बोला, काहीतरी बोला. भाऊंचा हात माझ्या दांडीवर आला, आणि पहिल्या दिवसासारखा तो ओला होता. माझी पट्टी निश्चल होती. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. सगळा किनारा कान देऊन बसलेला, आणि माझ्याकडे त्याला द्यायला काहीच नव्हतं.

भाऊ मात्र त्या दिवशी पळाले नाहीत. ते थांबले. मग हळूच म्हणाले, "ताई, उखाण्यात घेतलेलं चालतं ना? आधी मी घेतो." आणि त्या गंभीर खोलीत, कापऱ्या आवाजात, त्यांनी आपल्या बायकोचं नाव घेतलं:

"बोर्लीच्या बाजारात सुपारीची रास,
काशीचं नाव घेतो रेडिओवर खास."

रतनने डोळे वर केले. पदर खाली आला. ती माझ्या इतकी जवळ वाकली की तिचा श्वास जाळीला लागला.

"समिंदराच्या पान्याला न्हाय तळ, न्हाय थांग,
भिकू माझा कुठं हाय, दर्याराजा, सांग."

माझी पट्टी अशी थरथरली की मला वाटलं, आता तुटते.

दिवा विझला. जाताना रतनने विचारलं, "भाऊ, नाव घेतलं मी. आता काय व्हईल?" त्या रात्री आणि पुढचे काही दिवस भाऊंना अन्न गेलं नाही. आपण त्या पोरीच्या तोंडून तिच्या नवऱ्याचं मरण तर बोलवून घेतलं नाही ना, हाच विचार. टेलिफोन वाजला की दचकत. शिकलेला माणूस, पण भीतीने त्याला गाठलंच.

आणि एके सकाळी टेलिफोन वाजला. दूर दक्षिणेकडच्या एका बंदरातल्या दवाखान्यात समुद्रातून वाचवून आणलेला एक माणूस तापाने बेशुद्ध पडला होता. तिथली मलमपट्टी करणारी ठमाबाई रोज त्याचं अंग पुसताना दंडावरचं गोंदण पाही. शिकलेली होती, त्यामुळे 'भिकू' वाचत होती, पण कुणाचा भिकू, कुठला, ते कळत नव्हतं. चावडीवरच्या रेडिओवर तिने तो उखाणा ऐकला आणि तशीच उठून डॉक्टरांकडे धावली. त्या बंदरात टेलिफोन नव्हता, म्हणून निरोप मुंबईला पोचायला इतके दिवस गेले.

त्यानंतर भाऊ प्रत्येक पाहुण्यापाशी आधी बसू लागले आणि कार्यक्रमात कुणी अडखळलं तर थांबू लागले. पुढे नवी यंत्रं आली, मी अडगळीत पडलो. भाऊंचा घसाही बसला. नोकरी सोडताना त्यांनी मला मागून घेतलं.

दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतर रतन आणि भिकू बोर्लीला येतात. "ह्यांनी सुकट आनलीय, काशीवहिनी," ती म्हणते. काशीवहिनी तिला चिडवतात, "ह्यांनी म्हणजे कुणी गं?" रतन लाजते, हसते आणि पदर तोंडाशी धरते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना कोरड्या फडक्याने पुसत जा. आणि समोरचं माणूस भीतीने गप्प झालं, तर त्याच्यासाठी थांबा. त्याच्या तोंडाशी काय आलं आहे, ते तुम्हाला ठाऊक नसतं. रतनने ते नाव पुन्हा कधी घेतलं नाही. तिच्या तोंडचं ते एकदाच ऐकलेलं नाव माझ्यातून गेलं, आणि माणूस घरी आला.