मुदतीबाहेर निर्दोष

“बाई, आत न्यायाधीशांसमोर तोंड आवरा हं,” हारग्रोव्ह वकील म्हणाले.

“तुम्ही मुदत चुकवलीत, तेव्हाही आवरलंच होतं,” मी म्हटलं.

त्यांनी टाय सारखा केला. चूक निघाली की हा माणूस टाय सारखा करतो. कोर्टात त्याला विद्वत्ता म्हणतात.

माझा भाऊ क्लीव्हन अलाबामाच्या तुरुंगात जन्मठेप भोगतोय. पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्याला त्यानं गोळी घातली, असं रॉस्को पिकेट या एकट्या इसमानं शपथेवर सांगितलं होतं. राज्यातली अपिलं फेटाळली गेली, की फेडरल कोर्टात जायला वर्षाची मुदत असते. हारग्रोव्हसाहेबांनी ते वर्ष कुठल्या कॅलेंडरवर मोजलं देव जाणे.

पुढे रॉस्कोचं यकृत सडलं आणि त्याला पाप आठवलं. माझ्या सलूनमध्ये येऊन खुर्चीत बसून रडला. “अर्नेस्टीन, मी क्लीव्हनला पाहिलंच नव्हतं गं. पोलीस म्हणाले, नाव घे, तुझी चोरीची केस सोडून देतो.”

मी त्याला डोळे पुसायला टॉवेलही दिला नाही. दंडाला धरून गाडीत कोंबला आणि वकिलाकडे नेऊन त्याच्याकडून सगळं शपथेवर वदवून घेतलं.

आज त्यावरच सुनावणी होती.

सरकारी वकीलबाई गोड आवाजात म्हणाल्या, “अर्ज उशिरा आलाय, महाराज. आरोपी निर्दोष आहे की नाही, तिथवर जायचं कारणच नाही.”

“तसं नाही,” न्यायाधीश म्हणाले. “निर्दोषपणाचा नवा पुरावा तितका भक्कम असेल, तर मुदत आड येत नाही.”

मी हारग्रोव्हची बाही घट्ट धरली.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. “पण हा साक्षीदार स्वतःच सांगतोय, की मी शपथेवर खोटं बोललो. अशा माणसावर विश्वास कसा ठेवायचा?”

वकीलबाईंनी मान डोलावली. हारग्रोव्हनंही डोलावली, गाढवानं.

मी उठले. “मग तेव्हा कसा ठेवलात?”

शिपायानं मला खांद्याला धरून बसवलं. पुरावा भक्कम नाही, म्हणून मुदत आड आली आणि अर्ज फेटाळला गेला.

रविवारी तुरुंगात भेटीला गेले. काचेपलीकडे क्लीव्हननं फोन कानाला लावला, सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे मी निर्दोष असेनही, पण वेळेवर नाही?”

“तसंच काहीतरी.”

तो इतका हसला, की शेजारची बाई वळून बघायला लागली. मग डोळे पुसत म्हणाला, “हारग्रोव्ह काय म्हणतो?”

“वरच्या कोर्टात जाऊ म्हणतो.”

“जाऊ दे की त्याला. तारीख मात्र तू बघ.”

मग तो आईच्या गुडघ्याबद्दल विचारत राहिला, मी उत्तरं देत राहिले. पहारेकरी मनगटावरचं घड्याळ बघत आमच्याकडे यायला निघाला. क्लीव्हननं त्याला येताना पाहिलं, फोन हळूच जागेवर ठेवला, शर्टाची कॉलर नीट केली आणि पहारेकऱ्यानं हाक मारायच्या आधी स्वतःच उठून उभा राहिला.