नग एक

“कुपी दे.”

“कशाला?”

“कशाला म्हणजे? मरतोय मी.”

“निम्मा जीव शिल्लक आहे तुमचा. साधी पट्टी लावा, भागेल.”

पडद्यावर ‘कुलूप’ नावाचं अंतराळयान आगीच्या गोळ्यांमध्ये तिरपं अडकलं होतं. त्याचा कप्तान, म्हणजे कारखान्यातला निवृत्त क्रेनवाला, सोफ्यावर बसून बायकोकडे औषधाची याचना करत होता. खेळ थांबवलेला असल्याने आगीचे गोळेही जागच्या जागी खोळंबले होते. भांडारबाईंची मंजुरी मिळेपर्यंत विश्वाचा अंत पुढे ढकलला गेला होता म्हणा ना.

भांडारबाई हे तिचं कारखान्यातलं नाव. जाळीच्या खिडकीमागे बसून तिने सगळी नोकरी सामान देण्यात, खरं सांगायचं तर न देण्यात, काढली. बल्ब असो, वंगण असो, काढून देताना चेहरा असा की जणू अंगावरचा दागिनाच उतरवतेय. नियम एकच. जुना नग जमा करा, नवा घेऊन जा. क्रेनवाला तरुणपणी पहिल्यांदा त्या खिडकीवर गेला तो फाटका डावा हातमोजा घेऊन. तिने नवी जोडी सोडली आणि त्यातला डावा तेवढा पुढे सरकवला.

“जोडी फोडलीत की हो बाई.”

“फाटला एक, मिळणार एक. उजवा फाटला की या.”

आठवड्याच्या आत तो उजवाही फाडून घेऊन आला. कशाने फाटला ते तिने विचारलं नाही. पुढे सगळा संसार त्या न विचारण्यावर उभा राहिला.

असा हा नग. म्हणजे दोघंही.

मग एके दिवशी आंघोळ करून बाहेर येताना त्याची डावी बाजू लुळी पडली. इस्पितळातून घरी आला तेव्हा डावा पाय ओढत होता आणि डावा हात मांडीवर परक्याच्या सामानासारखा पडून होता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो त्याने दुसऱ्याच दिवशी कपाटाखाली घालवला. “पोरखेळ आहे,” म्हणाला. तेवढ्यात भाच्याने त्याचं खेळाचं यंत्र आणून टीव्हीला जोडून दिलं, आणि हा पोरखेळ मात्र मामांना बाधला.

कारण यान वळवायचं असे डाव्या अंगठ्याने. सुरुवातीला एकही ग्रह धडक खाल्ल्याशिवाय सुटला नाही. “क्रेन अशीच चालवायचात?” ती विचारायची. तो अंगठा पुन्हा त्या मुठीसारख्या बटणावर ठेवायचा, घसरला की पुन्हा ठेवायचा. चेंडूने जे झालं नाही ते अपमानाने झालं.

ती या खेळात ओढली गेली ती निव्वळ संतापापोटी. पडद्यावरच्या कप्तानाच्या गुडघ्याला खरचटलं म्हणून त्याने एकदा अख्खी जीवनकुपी वापरून टाकली. हे तिने स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि हातातलं उलथनं घेऊनच बाहेर आली. त्या दिवसापासून यानाचं भांडार तिच्याकडे गेलं. काही हवं असलं की त्याने खेळ थांबवायचा, कंट्रोलर तिच्या मांडीवर ठेवायचा आणि मागायचं. यानाचं नाव त्यानेच मग चिडून ‘कुलूप’ ठेवलं. तिला ते आवडलं. आता कुलूपच्या पोटात इतक्या कुप्या, बॅटऱ्या आणि चिलखतं साठली होती की शेजारचं तारामंडळ जेमतेम जिवंत असताना यांच्याकडे झाकण न उघडलेला माल फळीवर रचलेला होता.

पण मुख्य व्यवहार वेगळाच होता. घरी आल्यापासून क्रेनवाला जिना उतरला नव्हता. खाली कोपऱ्यावरच्या बाकावर संध्याकाळी त्याचे जुने सोबती बसत. तो पडद्याआडून त्यांना बघायचा, आणि कोणी वर मान केली की भिंतीला चिकटायचा. मुलीने चांगली काठी पाठवली होती, ती कपाटात. घरात तो जुनी छत्री टेकत फिरायचा.

“खाली चला ना,” ती म्हणायची.

एकदा तो बोलून गेला, “यान घरी पोचलं की येतो.”

तिने शब्द मनात टिपून ठेवला. तेव्हापासून कप्तानसाहेबांच्या अंगात परोपकार संचारला. कुण्या चंद्रावर कुणाचं मांजर हरवलं, निघाले शोधायला. कुण्या खाणवाल्याचं पार्सल मेव्हण्याला पोचवायचं, हे तयार. घराची वाट समोर मोकळी असताना हा माणूस विश्वातल्या यच्चयावत रिकामटेकड्यांची कामं अंगावर घेत होता. भांडारबाईंना साठ्यातली चलाखी लगेच कळते. तिलाही कळलं, पण ती गप्प बसली. जिन्याची तिलाही धास्ती होतीच.

आणि आज भाचा यंत्र न्यायला येणार होता. त्याची बदली झाली होती. यान आज पोचलं नाही तर कधीच पोचणार नव्हतं, आणि मग अट पुरी न झाल्याचं कारण या माणसाला जन्मभर पुरणार होतं. म्हणून सकाळी तिनेच यंत्र सुरू केलं. “मांजरं पुरे,” म्हणाली. “आज घर.”

“बघ हं. शेवटचा राक्षस लोखंडाचा आहे. पट्टीने भागणार नाही.”

भागलंही नाही. पट्टी लावून कुलूप पुढे सरकलं, तोच एका फटक्यात तोफवाली खलाशी आडवी झाली. मग वैद्य. कप्तानाचा जीव लाल रेषेवर आला.

“अगं, दे आता.”

“देते. एक.”

“एकाने काय होतंय? दोघं पडलेत, तिसरा मी.”

तिने कंट्रोलर घेतला. फळीवरच्या कुप्या एकदा मोजल्या. मग एकाला दिली, दुसऱ्याला दिली. तिसऱ्याला देताना नकळत तिचं बूड सोफ्यावरून सुटलं. “बॅटऱ्या घ्या. त्या मोठ्या. निळ्या. अहो, सगळ्या लावा, कोणासाठी ठेवायच्यात?” नोकरीत असं वाक्य तिच्या तोंडून निघालं असतं तर कारखान्याला सुट्टी दिली असती. राक्षस गुडघ्यावर आला. क्रेनवाला उजव्या हाताने बटणं बडवत होता, ती त्याच्या पाठीवर बडवत होती, आणि लोखंडाचा तो डोंगर फुटला तेव्हा दोघंही धापा टाकत होते.

“संपलं?”

“नाही. आता पळायचं.”

तळ कोसळत होता. सगळे यानात चढले. शेवटी होता तो हमाल, ओझी वाहणारा जुना यंत्रमानव. हे नावही क्रेनवाल्यानेच ठेवलेलं. हमालाला जिना चढायला वेळ लागायचा, बाकीचे पुढे निघून जायचे. कप्तान मात्र दर वेळी मागे वळून उभा राहायचा. आताही राहिला होता. पडद्यावर अक्षरं आली: भार जास्त. हमालाला मागे ठेवायचं, की भांडार रिकामं करायचं?

त्याने कंट्रोलर तिच्या मांडीवर ठेवला.

“तुझं खातं.”

“इतकं सगळं? अजून झाकणंसुद्धा उघडली नाहीत.”

“नाहीत.”

“हा काय, आता नाहीतरी निकामीच…” ती म्हणाली आणि थांबली. हमाल जिन्याच्या तळाशी, मान वर करून उभा होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. “नग एक,” ती म्हणाली, “आणि तो एकच आहे.” तिने बटण दाबलं. कुप्या, चिलखतं, राखून ठेवलेलं सगळं अंधारात सांडत गेलं आणि हमाल कुरकुरत वर चढला.

“घ्या,” तिने कंट्रोलर परत दिला. “आता तुमचं खातं.”

बंद होत चाललेल्या दरवाजातून यान बाहेर काढायचं होतं, सगळं डाव्या अंगठ्यावर. डावी भिंत आली, वळलं. खांब कोसळला, त्याखालून निघालं. तेवढ्यात घराची घंटी वाजली.

“मामी, मी आलोय.”

“थांब तिथेच,” ती ओरडली, “मरतील मामा.”

“काय झालं मामांना?” बाहेर दारावर थापा पडू लागल्या.

“काही नाही झालं. दरवाजा बंद होतोय.”

“दरवाजा बंदच आहे मामी.”

अंगठा घसरला. यान भिंतीला घासलं, ठिणग्या उडाल्या. तिचा हात आपोआप पुढे गेला आणि तिने तो दुसऱ्या हाताने मागे ओढून मांडीखाली दाबला. त्याने अंगठा पुन्हा ठेवला. फट उरली हातभर. कुलूप आडवं झालं, सरकलं, आणि पडद्यावर एकदम सकाळ झाली. निळा ग्रह. घर.

तिने दाराची कडी काढली आणि परत सोफ्यावर येऊन बसली. भाचा चपला काढून आत आला तेव्हा मामा मामीचा हात धरून बसले होते, आणि तोही डाव्या हाताने. त्याने वायरी गोळा केल्या, यंत्र खोक्यात घातलं. “पुन्हा आणू का कधी?” त्याने विचारलं.

“नको,” मामा म्हणाले. “पोचलो आम्ही.”

भाचा गेल्यावर टीव्हीखालची जागा रिकामी दिसू लागली. खाली बाकावर कोणीतरी हसलं, ते वरपर्यंत ऐकू आलं. क्रेनवाला उठला, छत्री टेकत कपाटापाशी गेला आणि भांडाराच्या खिडकीवर उभं राहिल्यासारखा उभा राहिला.

“काठी,” तो म्हणाला. “नग एक.”

“जुना नग जमा करा.”

त्याने छत्री तिच्या हातात दिली. तिने ती उलटसुलट पाहिली, खिळ्याला टांगली आणि कपाट उघडलं.

जिन्याच्या पहिल्या वळणावर तो थांबला. काठीची मूठ घसरत होती. तिच्यावरचं प्लास्टिक अजून तसंच होतं. या घरात कुठल्याच वस्तूवरचं ते कधी निघालं नव्हतं. त्याने काठी उजव्या हाताने छातीशी धरली आणि डावा अंगठा प्लास्टिकच्या कडेखाली घातला. निसटला. पुन्हा घातला. ती एक पायरी खाली, कठड्याला धरून, काही न करता उभी राहिली. कड सुटली, मग हळूहळू सगळं आवरण सोलून निघालं.

त्याने ते तिच्यापुढे धरलं. सवयीने तिने नीट घडी घातली, पर्समध्ये ठेवायला पर्स उघडली आणि क्षणभर तशीच थांबली. मग पर्स मिटली, घडी वळणावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली, आणि त्याच्या डाव्या बाजूला येऊन उभी राहिली.