ट्रॅक्टर न मावणारी जमीन

"आत्या, हात खाली घ्या," चेअरमन म्हणाले. "तुमची जमीन ओढ्यानं नेली. जमीन नाही तर सभासदत्व नाही, आणि सभासदत्व नाही तर मत नाही."

"सगळी कुठं नेली?" आत्या हात तसाच ठेवून म्हणाली. "उरलीय थोडी. ओढ्यालाही लाज असते."

सोसायटीची वार्षिक सभा गोदामात भरली होती आणि ठराव त्याच गोदामाचा होता. ते व्यापाऱ्याला भाड्याने द्यायचे म्हणे. मग लहान शेतकऱ्याने धान्य ठेवायचे कुठे? मळणी झाली की व्यापारी म्हणेल त्या भावाला विकून मोकळे व्हायचे. हे आम्हा सगळ्यांना कळत होते. पण चेअरमनचा ट्रॅक्टर नांगरणीला सगळ्यांनाच लागायचा, म्हणून आमचे हात मांडीवर. आत्याच्या जमिनीत मात्र ट्रॅक्टर मावतच नव्हता. ती कुदळीने खणायची. त्यामुळे पहिला हात नेहमी तिचा, आणि तो वर गेला की मागून आमचे. चेअरमनना हे चांगले ठाऊक होते.

ती जमीन अशी अरुंद, की साप शिरला तर त्याला वळायला शेजारच्या बांधावर जावे लागे. आणि ओढा असा खादाड, की त्याने माझ्या काकांची अख्खी विहीर गिळली आणि बादली तेवढी परत केली. खोटे वाटत असेल तर घरी या, बादली दाखवतो.

"चला, बघूनच येऊ," चेअरमन म्हणाले. सभा उठून ओढ्यावर गेली.

आत्याच्या शेताचा खाटेएवढा तुकडा काठाला कसाबसा चिकटून होता. त्यावर तुरीची चार झाडे. चेअरमन त्यावर जाऊन उभे राहिले.

"ह्याला जमीन म्हणता, आत्या? आमच्या घरातला पाट याच्यापेक्षा मोठा असेल."

"पाटावर तूर येते का रे?"

मागे कोणीतरी हसले आणि लगेच खोकला काढला.

चेअरमननी सेक्रेटरीकडे पाहिले. त्या बिचाऱ्याने घसा साफ केला. "नियमात जमीन पाहिजे असं आहे, साहेब. किती, ते नाही."

"मग मत इथंच घ्या," आत्या म्हणाली. "पुढचा पूर आला की हीसुद्धा राहायची नाही. आहे तोवर विचारून घ्या. आणि तू उतर बाबा, दोघांना जागा नाही."

चेअरमन उतरायला वळले. मागे आम्ही दाटीने उभे. वाट द्यायला कोणी सरकेना. का, ते विचारू नका; पाय जड झाले होते आमचे. शेवटी ते बुटांसकट ओढ्याच्या पाण्यात उतरले.

आत्या तुरीला सांभाळत वर गेली, पदर खोचला आणि वळून उभी राहिली.

"ठरावाच्या विरुद्ध कोण?" सेक्रेटरीने विचारले.

तिचा हात वर गेला. मग माझा, मग शेजारच्याचा, मग सगळ्या काठाचे. पलीकडच्या म्हशीनेही शेपूट उचलले, पण ते सेक्रेटरीने धरले नाही.

तो एकेक हात मोजू लागला. तेवढ्यात आत्याच्या टाचेखालून मातीचे एक ढेकूळ सुटले आणि पाण्यात पडले. तिने पाय जरासा आत घेतला. हात तसाच ठेवला.