महाळुंग्याची बिनविरोध थीम

महाळुंग्यात 'जावई' ही थीम बिनविरोध निवडून आली. गुलाल उधळला गेला, हलगी वाजली, आणि थीमने स्वतः उघड्या जीपमध्ये उभं राहून सगळ्यांना हात जोडले.

असं काहीही झालेलं नाही. गुणात्मक संशोधनात कुणी निवडून येत नसतं असं आमच्या मार्गदर्शक विजयश्री मॅडम म्हणतात, आणि गुण त्यांच्याच हातात असल्यामुळे मीही तसंच म्हणतो. वरचा परिच्छेद वाचकांनी वाचलाच नाही असं समजावं.

मी निरंजन. समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि बराच काळ आहे. 'औद्योगिकीकरणाचा ग्रामीण कुटुंबांवर झालेला परिणाम' हा माझा प्रबंध मॅडमनी मागच्या वर्षी परत पाठवला. त्यात निष्कर्ष भरपूर आहेत पण माणसं कुठेच नाहीत, असा शेरा होता. यंदाही परत आला तर दापोडीत रणजीतकाकांच्या फ्लेक्सच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरलेलं होतं. काम पण ठरलं होतं. पुढाऱ्यांच्या फोटोत कानामागचं जे काही असतं, ते कापायचं. काकांनी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवली होती. तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. दुकानावरून जाताना मी त्या प्लास्टिककडे बघायचो आणि अभ्यासाला लागायचो.

म्हणून या वेळी माणसं गाठायला चाकणजवळच्या महाळुंग्याला गेलो. गावाच्या चारी बाजूंना कंपन्या. मधोमध गाव असं बसलेलं की जणू कंपन्यांनीच त्याला घेराव घातलाय. मॅडमनी पद्धत समजावून दिली होती. लोकांना बोलू द्यायचं. बोलणं लिहून काढायचं. त्यातलं एकेक महत्त्वाचं वाक्य एकेका रंगीत चिठ्ठीवर घ्यायचं, चिठ्ठ्या भिंतीवर लावायच्या आणि सारख्या चिठ्ठ्या जवळ आणायच्या. थीम आपण ठरवायची नाही, ती मिसळीवरच्या तर्रीसारखी आपोआप वर येते, असं त्या म्हणाल्या. मिसळ मी घातली, त्या फक्त 'आपोआप वर येते' एवढंच म्हणाल्या होत्या.

अडचण एवढीच होती की दापोडीच्या आमच्या खोलीत रिकामी भिंत नाही. एका भिंतीला कपाट, दुसरीला शिलाई मशीन, तिसरीला देव, आणि चौथी शेजाऱ्यांची आहे, तिला हात लावला की ते पलीकडून विचारतात. मग गावातले वडीलधारे गेनूआबा यांनी तालमीची भिंत दिली. पोरं आता चाकणला जिममध्ये जातात, भिंत मोकळीच हाय म्हणाले. तिथं मारुतीच्या शेजारी मी माझ्या थीम मांडल्या.

आणि तर्री खरंच वर आली. मला वाटलं होतं जमिनीची आठवण येईल, शिफ्टपायी मोडलेली झोप येईल. थोडीफार आली. पण बायकांशी बोलायला बसलो की कुठूनही सुरुवात केली तरी गाडी एकाच स्टेशनावर थांबायची. जावई.

हे आधी नीट सांगायला हवं. पूर्वी मुलगी लांब दिली जायची आणि जावई वर्षातून दिवाळीला नाहीतर अधिक महिन्यात यायचा. तेव्हा त्याला पाटावर बसवायचं, गोड करायचं, 'आणखी घ्या' म्हणून गळ घालायची, आणि दोन दिवसांनी तो गेला की घर पुन्हा भाकरी-पिठल्यावर यायचं. मग कंपन्या आल्या. स्थळं बघताना लोक 'चाकणला परमनंट' असलेला मुलगा बघू लागले. आणि चाकणला परमनंट असलेला प्रत्येक मुलगा सासरच्या दारापासून एका गेटाच्या अंतरावर कामाला आला. त्याचं स्वतःचं घर पुनावळ्याला. तिथं जायला ट्रॅफिकमध्ये जेवढा वेळ लागतो तेवढ्यात पुढची शिफ्ट सुरू होते. कॅन्टीनच्या डाळीत त्याला डाळ सापडत नाही. मग तो शिफ्ट सुटली की सासरी येतो. रोज. आणि जावई रोज आला म्हणून काही त्याला शिळं वाढता येत नाही.

कुशाबाई ही बचत गटाची अध्यक्ष. तिचा जावई रविराज असाच पलीकडच्या कंपनीत आहे. ती एका दमात म्हणाली, "कंपनी जमीन घेऊन गेली त्याचं काय वाटलं न्हाई बाळा. पर तिनं जावई आणून दारात सोडला. आता रोजच दिवाळी हाय. दिवाळीला बी सुट्टी नको व्हय?"

मी हे वाक्य गुलाबी चिठ्ठीवर लिहिलं. मागच्या प्रबंधात असलं एकही वाक्य नव्हतं.

पुढच्या खेपेला तालमीत गेलो तर भिंतीसमोर गर्दी. 'जावई'खाली गुलाबी चिठ्ठ्यांचा ढीग आणि शेजारी 'ट्रॅफिक'खाली पिवळ्या चिठ्ठ्यांची बारीकशी रांग. धनेश म्हणून एक तरुण कार्यकर्ता आहे, पुढच्या ग्रामपंचायतीला ट्रॅफिकच्या मुद्द्यावर उभा राहणार आहे, म्हणजे सध्या सगळीकडेच उभा असतो. तो भिंतीसमोर उभा होता. त्याने माझ्या खांद्यावर हात टाकून विचारलं की ट्रॅफिक मागे का पडलंय आणि मतमोजणी अजून किती फेऱ्यांची आहे.

मी समजावलं की ही मतमोजणी नाही. चिठ्ठ्या मोजायच्याच नसतात. एकाच माणसाचं एकच वाक्यही थीम ठरू शकतं. हे ऐकून धनेश हसला. निवडणूक अधिकारी 'आमच्यावर कुठलाही दबाव नाही' म्हणतो तेव्हा लोक हसतात, तसा.

त्या दिवसापासून माझ्या मुलाखती बिघडल्या. मी म्हणायचो, तुमच्या लहानपणाबद्दल सांगा. समोरचा म्हणायचा, लहानपणापासून ट्रॅफिकचा त्रास आहे. रुक्मिणीबाई म्हणून एक अतिशय म्हाताऱ्या बाई आहेत, देवळापलीकडे जात नाहीत. त्यांनीही तळेगाव चौकातल्या कोंडीवर सविस्तर भाष्य केलं आणि शेवटी विचारलं, धनेशनं सांगितलं तसंच झालं ना रे. दुसरीकडे बचत गटाने पापडाचं काम थांबवून घरोघर फिरायला घेतलं. ज्यांना मुलीच नाहीत अशा बायाही मला जावयाबद्दल सांगू लागल्या. एकीने तर मला वायदा केला की सध्या फक्त मुलगा आहे, पण मुलगी झाली की जावयाचा त्रास होणार हे नक्की, आगाऊ लिहून घे.

मी मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, नवीन माहिती यायची थांबली का, म्हणजे मुलाखती थांबवता येतील. मी म्हणालो, माहिती थांबली आहे पण प्रचार सुरू आहे. त्या म्हणाल्या की संशोधकाच्या असण्याने समोरचं बदलतं, तेही प्रामाणिकपणे लिहा. आणि येत्या रविवारी मी स्वतः येते. निष्कर्ष गावकऱ्यांसमोर वाचा आणि 'हे तुमचंच म्हणणं आहे ना' असं विचारा. त्यांना पटलं तर प्रबंध मी स्वीकारते. नाही पटलं तर नाही.

म्हणजे माझी खुर्ची आता महाळुंग्याच्या हातात होती.

मी हे गावात सांगितलं. रविवारी मॅडम येऊन निकाल जाहीर करणार, असं गावाने ऐकलं. धनेशने तडजोड सुचवली. प्रबंधात पाच प्रकरणं आहेत ना भावा, मग पहिली अडीच जावयाला, पुढची अडीच ट्रॅफिकला. बायकांना हे मान्य नव्हतं. पहिली अडीच झाल्यावर शब्द फिरवतात, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे म्हणाल्या. मग ट्रॅफिकला उपथीम करावं असं निघालं, तर धनेश म्हणाला उपथीमला सहीचा अधिकार असतो का.

शेवटी गेनूआबा उठले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "आमच्या गावात पंचायत बी बिनविरोध व्हती. एका थीमपायी गावात दोन तट न्हाई पाडायचं. धनेश, काढ तुझ्या चिठ्ठ्या."

धनेशने काढल्या. जड हाताने एकेक पिवळी चिठ्ठी सोडवली आणि 'जावई'खाली नेऊन चिकटवली. माझा सगळा डेटा माझ्या डोळ्यांसमोर पक्षांतर करत होता. मी त्या तशाच राहू दिल्या, कारण गाव एकमताने एक गोष्ट मान्य करतंय आणि मला नेमकं तेच हवंय, हे मला दिसत होतं. बदल्यात धनेशने फक्त एवढंच मागितलं की अभिनंदनाच्या फ्लेक्सवर त्याचा फोटो सगळ्यात मोठा असावा. चांगला फ्लेक्सवाला ओळखीचा आहे का असं त्याने विचारलं. मी काकांचा नंबर दिला. माणूस स्वतःच्या खड्ड्याला स्वतःच फावडं पुरवतो ते असं.

रविवारी सकाळी गावात शिरलो तर वेशीवर फ्लेक्स. वर धनेशचा हात उंचावलेला फोटो, बाजूला गेनूआबा, आणि मधोमध गॉगल घातलेला रविराज. खाली लिहिलं होतं, 'महाळुंगे गावच्या मुख्य थीमपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल गावचे लाडके जावई रविराजराव यांचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक : समस्त उपथीम.' काकांचा फोन आला. म्हणाले, तुझ्या शिक्षणाचं काहीतरी पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

'जावई' निवडून आला म्हणजे कुठला तरी एक जावई निवडून आला असणार, असं गावाने धरलं होतं. रविराज कुशाबाईचा, आणि सगळ्यात जास्त चिठ्ठ्या कुशाबाईच्या, म्हणून मान त्याचा. तो पहिली शिफ्ट टाकून आला होता. फेटा बांधलेला, गळ्यात हार. मला बाजूला घेऊन त्याने विचारलं की या पदाची मुदत किती आणि कंपनीत त्याबद्दल पत्र देता येईल का. मी त्याला सांगायचा प्रयत्न केला की भाऊ, तुम्ही पद नाही, तुम्ही समस्या आहात. तेवढ्यात हलगी वाजली आणि त्याला फक्त 'तुम्ही' ऐकू आलं. तो जीपमध्ये चढला.

मॅडम चौकात अडकून उशिरा आल्या. त्या आल्या तेव्हा जीप तालमीसमोर पोचली होती आणि गुलालाचं पोतं नुकतंच फुटलं होतं. मॅडमची पांढरी साडी क्षणात निष्पक्ष राहिली नाही. त्यांनी चष्मा पुसला, जीपकडे बघितलं आणि मला विचारलं हे कोण.

"थीम," मी म्हणालो.

थीमने हात जोडले.

मग आम्ही तालमीत बसलो. मी निष्कर्ष वाचला. कंपन्यांमुळे जावई जवळ आले, पाहुणचार रोजचा झाला, आणि त्याचा सगळा भार घरातल्या बाईवर पडला. वाचून झाल्यावर मॅडमनी समोर बसलेल्या बायकांना विचारलं, हे तुमचंच म्हणणं आहे ना.

जावई सगळे समोर होते. रविराज पहिल्या रांगेत, आणि ज्यांना रविवारची सुट्टी होती असे बाकीच्या घरांचेही आलेले. जावयाच्या तोंडावर त्याला वाईट म्हणायची रीत या पंचक्रोशीत नाही. एकेक बाई पदर सावरून सांगू लागली की आमचं काय म्हणणं न्हाई. जावई म्हंजे देव. ज्यांनी घरोघर प्रचार केला होता त्याच आता जावयांचे गुण सांगत होत्या. सगळ्यांनी मिळून माझी भिंत पाडली. मला काकांच्या दुकानातल्या प्लास्टिकचा वास येऊ लागला.

शेवटी मॅडमनी कुशाबाईला विचारलं. तिने एकदा रविराजकडे बघितलं. तो हार नीट करत होता. म्हणाला, "मामी, सांगा की मोकळेपणानं. मी इथंच हाय."

"लई गुणाचं जावई हायेत," कुशाबाई म्हणाली. मग उठून पाण्याचा तांब्या मॅडमना द्यायला आली आणि देता देता वाकून हळूच म्हणाली, "पोरानं लिवलंय त्येच खरं हाय बाई. कागदात लिवा. माझं नाव घालू नका. आन् लवकर आवरा, पुरणाची डाळ शिजत ठिवलीय, त्येंला आज गोड लागतंय."

मॅडमनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. मग गुलाल झटकून मला म्हणाल्या की ज्या गोष्टीची तक्रार कुणाला उघड करता येत नाही, तीच तुमची थीम आहे. सहभागींची नावं बदला. प्रबंध स्वीकारते. फक्त शेवटी शिफारस हवी, योग्य अधिकाऱ्याला उद्देशून, योग्य भाषेत. नुसते निष्कर्ष नकोत, त्यातून त्या बाईला काहीतरी मिळायला हवं.

मी काकांना खुर्ची परत करायला सांगितली. ते म्हणाले, राहू दे, फोटोसाठी धनेश येतो, तो बसेल. आणि मी शेवटचं पान लिहिलं. ते असं :

प्रति, मा. औद्योगिक क्षेत्र नियोजन अधिकारी यांस. विषय : शिफ्टच्या वेळा सासरच्या चुलीशी न जुळवणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, क्षेत्रातील सर्व आस्थापनांनी विवाहित पुरुष कामगारांची नेमणूक त्यांच्या सासरपासून किमान एक तालुका दूर करावी. ते शक्य नसल्यास कॅन्टीनच्या डाळीत डाळ घालण्यात यावी. तेही शक्य नसल्यास शासनाने जावई हा दर्जा दिवाळी व अधिक मास वगळता इतर सर्व दिवशी तात्पुरता स्थगित ठेवावा, व तसा आदेश संबंधित सासवांच्या नावाचा कोठेही उल्लेख न करता, जावयांना दुःख होणार नाही अशा शब्दांत, त्यांचे जेवण झाल्यावर बजावण्यात यावा, ही नम्र विनंती.